फरहादी काय लपवतो, आणि कोणापासून?

आज असगर फरहादी या इराणी दिग्दर्शकाच्या सहा चित्रपटांची आम्ही क्रमवारी लावणार आहोत. तळापासून सुरू करू आणि वर चढत जाऊ. कलाकृतींना नंबर देणं हा तसा पोरखेळच. पण नंबर द्यायचा म्हटला की आपली कसोटी कोणती हे उघड कबूल करावं लागतं, एवढा त्याचा उपयोग आहे.

फरहादीविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'त्याच्या सिनेमात चुकीचं कोणीच नसतं, प्रत्येकाची आपापली बाजू असते.' नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हीही हे वाक्य अनेकदा वापरलं. आज ते मागे घ्यायचं आहे.

आमची कसोटी साधी आहे. फरहादीच्या बहुतेक चित्रपटांत काहीतरी लपलेलं असतं. ते लपवतं कोण? पात्र लपवत असेल तर तिथे नैतिक प्रश्न उभा राहतो. दिग्दर्शक लपवत असेल तर ते नुसतं कोडं. कोडं सुटलं की संपतं.

सहावा क्रमांक 'एव्हरीबडी नोज', २०१८. स्पेनमधलं गाव, लग्नघर, मुलीचं अपहरण. पेनेलोपे क्रूझ आणि हाविएर बार्देम ही तालेवार मंडळी. मुलीचा खरा बाप कोण, हे त्यातलं गुपित. ते फुटतं तेव्हा कथानकाची एक गाठ सुटते, पण आधी पाहिलेली माणसं काही वेगळी दिसू लागत नाहीत.

पाचवा 'द पास्ट', २०१३. पॅरिसजवळचं घर, बेरेनीस बेजोचं उत्तम काम. पण ईमेल कोणी पाठवले, पत्ता कोणी दिला, असं एकेक झाकण निघत जातं. तिसऱ्या झाकणाला आपण दुःखी होत नाही, चौथ्याची वाट बघतो.

चौथा 'द सेल्समन', २०१६. नवरा आला असं समजून राना दार उघडं ठेवते आणि आत जाते. कॅमेरा त्या दारापाशीच थांबतो. पुढे काय घडलं ते ती पूर्ण सांगत नाही, आणि तो तिचा अधिकार आहे. हे लपवणं खरं आहे. पण उत्तरार्धात चित्रपट इमादच्या मागे धावतो. गुन्हेगार सापडतो, त्याला काय शिक्षा द्यावी हा पेच पडतो, आणि जिच्यावर प्रसंग गुदरला ती कडेला उभी राहते. इमादचा दोष आणि चित्रपटाचा दोष इथे वेगळा काढता येत नाही.

तिसरा 'अ हिरो', २०२१. कर्जापायी तुरुंगात असलेला रहीम दोन दिवसांच्या सुटीवर येतो. सोन्याच्या नाण्यांची सापडलेली पिशवी तो परत करतो आणि नायक ठरतो. इथे आपल्यापासून जवळपास काहीच लपवलेलं नाही. आधी ती नाणी विकायचाच विचार होता, हेही आपण पाहिलेलं असतं. सगळं माहीत असूनही निवाडा सोपा होत नाही. शेवटी, तोतऱ्या मुलाची व्यथा चित्रित करून सहानुभूती मिळवायला रहीम नकार देतो, तिथे तो आम्हाला पहिल्यांदा मोठा वाटला.

दुसरा 'अ सेपरेशन', २०११. बर्लिनचं सुवर्ण अस्वल, पुढे ऑस्कर. बरीच वर्षं आम्ही याला पहिला मानत होतो. बापाला वाचवण्यासाठी तेर्मे न्यायाधीशासमोर खोटं बोलते, हा प्रसंग विसरणं शक्य नाही. राझिये गरोदर आहे हे बापाला माहीत होतं, हे पोरीने स्वतः त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं. मग अडचण कुठे? राझिये म्हाताऱ्याच्या मागे रस्त्यावर धावते तिथे. आपण तिच्यासोबत असतो आणि नेमक्या क्षणी दृश्य तोडलं जातं. गाडीची धडक बसली होती हे शेवटाकडे कळतं. राझियेने ते लपवलं, ठीक. पण आपल्यापुरतं ते आधी दिग्दर्शकाने लपवलं. एवढ्या प्रामाणिक चित्रपटात ही एक हातचलाखी आम्हाला आता टोचते.

आणि पहिला, 'अबाउट एली', २००९. तेहरानचे मित्र सहकुटुंब कॅस्पियन समुद्रावर येतात. सेपिदेने मुलीच्या शिक्षिकेला, एलीला, आग्रहाने आणलेलं. एक मूल बुडता बुडता वाचतं आणि एली नाहीशी होते. तिचं काय झालं ते कोणीच पाहिलेलं नाही. कॅमेऱ्यानेही नाही, आणि तो नंतर येऊन गुपित सांगत नाही. जे लपवतात ती माणसं. एलीचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून ती यायला तयार नव्हती, हे सेपिदेला ठाऊक असतं. एलीचा वाग्दत्त पती तिला एवढंच विचारतो: ती नाही म्हणाली नव्हती का? सगळ्यांच्या दडपणाखाली सेपिदे सांगते, नाही. गेलेल्या बाईची अब्रू देऊन जिवंत मंडळी सुटतात.

१७९७ मध्ये कांटने उदाहरण घेतलं: खुनी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? तिथे खोटं बोलणारा एक आणि विचारणारा एक. खोट्याची किंमत मोजणारा तिसरा माणूस त्यात मध्यभागी नाही. महाभारत याबाबतीत जास्त सावध आहे. अश्वत्थामा गेला असं युधिष्ठिर म्हणाला ते सोबत्यांच्या आग्रहावरून. पण जमिनीपासून वर चालणारा रथ खाली आला तो त्याच्या एकट्याचा. सेपिदेचंही तेच होतं. बाकीचे वाळूत रुतलेली गाडी ढकलत राहतात.

आता त्या वाक्याकडे येऊ. 'प्रत्येकाची आपापली बाजू असते.' असते ना! पण एलीची बाजू मांडायला तिथे कोण होतं? ज्यांना तोंड आहे त्यांच्याच बाजू मोजून आपण 'चुकीचं कोणीच नाही' म्हणत असू, तर तो निवाडा गैरहजर माणसाच्या विरुद्ध झालेला असतो. समजून घेणं म्हणजे निर्दोष सोडणं नव्हे. फरहादी आपल्याला सेपिदे समजावून देतो, तिला सोडत नाही.

एक कबुली देऊन थांबतो. हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा सेपिदे खोटं बोलली आणि आम्हाला हायसं वाटलं होतं. चला, निभावलं. आपण त्या घोळक्यात कधी जाऊन उभे राहिलो, ते आम्हाला कळलंच नव्हतं. म्हणून हा पहिला.

प्रश्न असतील तर घेऊ.