लिझच्या चेहऱ्यावरचा पिवळटपणा

निकोलाय गोगोलची ‘पोर्ट्रेट’ ही कथा १८३५ साली ‘अरबेस्क’ संग्रहात आली आणि १८४२ मध्ये त्याने ती नव्याने लिहिली. सैतानी पैशाने बिघडलेल्या चित्रकाराची कथा, अशी तिची ओळख करून देतात. मला ती अपुरी वाटते.

पीटर्सबर्गमधला तरुण, गरीब चार्तकोव्ह खिशातल्या शेवटच्या नाण्यावर एका म्हाताऱ्याचे चित्र विकत घेतो. चित्रातले डोळे जिवंत आहेत. भाड्यासाठी घरमालक पोलिसाला घेऊन येतो, पोलिसाच्या दणकट हातात चौकट मोडते आणि आतून हजार सोन्याच्या नाण्यांची गुंडाळी पडते. आता तीन वर्षे निवांत अभ्यास करता येईल, हा चार्तकोव्हचा पहिला विचार. पण वय बावीस! लगेच नवा कोट, मोठ्या रस्त्यावरचे घर आणि पैसे मोजून वर्तमानपत्रात छापून आणलेली स्वतःची स्तुती. (ती छापली जाते चरबीच्या मेणबत्त्यांच्या जाहिरातीखाली. गोगोल असा सहज चिमटा काढतो.) मात्र त्याचे रंग भडक होऊ लागल्याचे गुरुजींनी आधीच बजावले होते. म्हणजे उतावळेपणा पैशाच्या आधीचा आहे.

कथेचा प्राण मला त्यानंतरच्या एका साध्या प्रसंगात दिसतो. एक प्रतिष्ठित बाई आपल्या मुलीचे, लिझचे, चित्र काढून घ्यायला येतात. चार्तकोव्ह मन लावून बसतो, चेहऱ्यावरची किंचित पिवळी छटा आणि डोळ्यांखालची निळसर सावली पकडतो. आई म्हणते, हे कशाला? आज तिला जरा बरे नाही एवढेच. तो रंगाची बाजू मांडून पाहतो आणि मग खिन्नपणे ती छटा पुसतो. पुढे जुन्या, अर्धवट सायकीच्या चित्रात तो लिझच्या चेहऱ्याच्या आठवणी मिसळत असतानाच मायलेकी येतात आणि हेच लिझचे चित्र म्हणून हरखून जातात. ही सायकी आहे, असे तो पुटपुटतो. पण त्या ऐकत नाहीत, आणि तोही पुन्हा सांगत नाही. येथे सैतान कुठे आहे? पालकांना मुलांच्या प्रगतिपुस्तकातला पिवळटपणा दाखवताना मला हा प्रसंग हमखास आठवतो.

पुढची घसरण वेगाने येते. इटलीहून आलेले जुन्या सोबत्याचे चित्र पाहून त्याला रडू फुटते. पतित देवदूत काढायला बसावे, तर हात सवयीच्या आकारांकडेच वळतो. मग उत्तमोत्तम चित्रे विकत घेऊन फाडण्याचे ते भयंकर वेड, आणि मृत्यू.

दुसऱ्या भागात सावकाराची पूर्वकथा येते. तेथे गोगोल फार समजावून सांगतो. धर्मोपदेश कथेवर चढून बसतो. तो भाग भरभर वाचला तरी चालेल, पण लिलावाचा शेवट चुकवू नये. हकिकत संपते, सगळे भिंतीकडे वळून पाहतात, तर चित्र तेथे नसते.