चालू घडामोडींवरील गटप्रकल्प आणि विद्यार्थ्यांचे मनोगत : एक चिकित्सा
(दादर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पदवी शिक्षणात प्रकल्पलेखनाला आता दुय्यम स्थान राहिलेले नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत फाउंडेशन कोर्ससारख्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्प बराच काळ रूढ होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्रात आखल्या गेलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क उपक्रम यांना स्वतंत्र श्रेयांक देण्यात आले. अशा प्रकल्पांसाठी चालू घडामोडी हा विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय असतो. वृत्तपत्रांतील कात्रणे, चार-दोन मुलाखती, छायाचित्रे, निष्कर्ष आणि अखेरीस ‘मनोगत’ असा त्याचा साचा ठरून गेला आहे. यांपैकी मनोगताचे पान अध्यापकांकडून सर्वांत कमी काळजीपूर्वक वाचले जाते. वास्तविक प्रकल्पातून विद्यार्थी काय शिकला याचा पुरावा इतरत्र कोठे मिळत नाही, तो याच पानावर मिळावयास हवा. तो तेथे का मिळत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मनोगताची रूढ भाषा

कोणत्याही विषयावरील गटप्रकल्प उघडला तरी मनोगताचा मजकूर फारसा बदलत नाही. प्रकल्पामुळे संघभावना वाढली, वेळेचे नियोजन कळले, एकमेकांना समजून घेता आले, मार्गदर्शक प्राध्यापकांचे सहकार्य लाभले आणि या प्रश्नावर जनजागृती होणे ही काळाची गरज आहे, अशी ही वाक्ये असतात. विषय पाणीटंचाईचा असो, फेरीवाल्यांचा असो वा रेल्वे अपघाताचा, वाक्ये तीच राहतात. म्हणजे विद्यार्थी गटाविषयी लिहितात, बातमीविषयी लिहीत नाहीत. आणि गटाविषयीही जे लिहितात ते प्रत्यक्ष घडलेले नसते, अपेक्षित असलेले असते.

या लेखनातील ‘आम्ही’ हे सर्वनाम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कात्रणे कोणी जमविली, मुलाखतीसाठी उन्हात कोण उभे राहिले, टंकलेखन कोणी केले आणि केवळ स्वाक्षरीपुरते कोण उपस्थित होते, हे सारे या एका शब्दाखाली झाकले जाते. त्याहून गंभीर बाब अशी की, गटातील मतभेदही त्याखाली नाहीसे होतात. सर्वांना समान गुण मिळावयाचे असतील, तर एकमताचे प्रदर्शन करणे विद्यार्थ्यांच्या हिताचे ठरते. हा दोष त्यांच्या आळसाचा म्हणता येणार नाही. जे लिहिल्याने गुण मिळतात ते विद्यार्थी लिहितात, आणि गुण कशाला द्यावयाचे हे अध्यापक ठरवितात.

सैद्धांतिक आधार

विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘द प्रोजेक्ट मेथड’ या निबंधात मनापासून स्वीकारलेल्या हेतुपूर्ण कृतीला प्रकल्पाच्या केंद्रस्थानी ठेवले होते. जॉन ड्यूई यांनी ‘हाउ वी थिंक’ (१९१०, सुधारित आवृत्ती १९३३) या ग्रंथात चिंतनशील विचाराची सुरुवात संभ्रमातून होते, असे मांडले. जेथे काही अडत नाही तेथे विचार सुरू होत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभारणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात याच ड्यूईंचे विद्यार्थी होते, याचे येथे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ड्यूईंची कसोटी लावली तर रूढ मनोगतात चिंतनाला आरंभच झालेला नसतो, कारण त्यात कोठेही संभ्रम नसतो. सर्व काही सुरळीत पार पडल्याचे ते प्रमाणपत्र असते.

दादर परिसरातील दोन प्रसंग

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. प्रकल्पाच्या प्रचलित पद्धतीने या घटनेची कारणे एका परिच्छेदात संपतात : अरुंद पूल, वाढती गर्दी, प्रशासनाची अनास्था. परंतु बातम्या क्रमाने वाचणाऱ्यास काही गोष्टी जुळत नसल्याचे आढळले असते. फूल पडल्याचे शब्द पूल पडल्याचे म्हणून ऐकले गेले आणि घबराट पसरली, असे एका जखमी तरुणीने चौकशीत सांगितल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. रेल्वेच्या चौकशी अहवालाचा भर मात्र अचानक आलेल्या पावसावर आणि त्यामुळे पुलावर साचलेल्या गर्दीवर होता. पुढे १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, आणि पुलाची बातमी फेरीवाल्यांची बातमी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल खुला झाला. एका प्रश्नाचे दुसऱ्या प्रश्नात हे रूपांतर कसे झाले आणि ते कितपत न्याय्य होते, हा विचार केवळ कारणांची यादी करून होत नाही. दादर-परळच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी असे पूल रोज ओलांडतात. एखाद्याच्या घरचा चरितार्थ त्याच १५० मीटरांतील टोपलीवर चालत असू शकतो. त्याचे मनोगत आणि त्याच्या गटातील इतरांचे मनोगत एकच असेल, असे गृहीत धरणे अवास्तव आहे.

दुसरा प्रसंग दादर पश्चिमेच्या कबुतरखान्याचा. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने विधान परिषदेत मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची भूमिका जाहीर केली. उच्च न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला असलेल्या धोक्याची गंभीर दखल घेतली. ऑगस्टच्या आरंभी महानगरपालिकेने कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती ताडपत्री फाडली. पुढच्याच आठवड्यात बंदीच्या समर्थनार्थही आंदोलन झाले. श्वसनविकार, जीवदया, वारसावास्तू, न्यायालयाचा अधिकार आणि मराठी-अमराठी वाद हे पाच प्रश्न एकाच चौकात एकत्र आले होते. असा विषय घेतलेल्या गटात एकमत झाले, तर ते कसे झाले हे विचारणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. प्रकल्पात ‘दोन्ही बाजू मांडल्या’ असे लिहिलेले असते. पण विद्यार्थी स्वतः कोणत्या बाजूने आला होता, कोणत्या मुलाखतीनंतर त्याला थांबावे लागले, की तो मुळीच थांबला नाही, हे मनोगतातून कळले पाहिजे.

एक पूर्वपरंपरा

विद्यार्थ्यांनी समकालीन प्रश्नांवर एकत्र बसून लिहिणे मुंबईला नवे नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीची स्थापना केली. तेथे निबंध वाचले जात व त्यांवर चर्चा होत असे. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या मंडळींनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि दादाभाई नौरोजींसह अनेकांनी त्या कामासाठी वेळ दिला. स्त्रीशिक्षण ही काळाची गरज आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या विधानाचे उत्तरदायित्व त्यांनी स्वीकारले. आजच्या प्रत्येक प्रकल्पातून संस्था उभी राहावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु ‘जनजागृती व्हावी’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती कोणी, कोणाची आणि कशी करावी, हे विचारता येते.

मूल्यमापनाचा प्रश्न

यावर काही आक्षेप संभवतात. एका तुकडीत शंभराहून अधिक विद्यार्थी असताना प्रत्येकाचे स्वतंत्र मनोगत वाचणे अध्यापकास कठीण आहे, हा पहिला. त्यावर उपाय असा की, प्रकल्पाची पृष्ठसंख्या कमी करावी आणि मनोगत प्रत्येकाकडून एका पानाचे, स्वहस्ते, वर्गातच लिहून घ्यावे. प्रत्येकी एक याप्रमाणे शंभर पाने वाचणे हे वीस जाडजूड प्रकल्प चाळण्यापेक्षा अधिक श्रमाचे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने रूढ वळणाचे मनोगत क्षणात लिहून देत असताना तर हे अधिकच आवश्यक आहे. दुसरा आक्षेप असा की, संवेदनशील विषयावर मतभेद लेखी नोंदविणे विद्यार्थ्याला अडचणीचे ठरू शकते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून असे मनोगत केवळ अध्यापकाने वाचावे. ते गटापुढे, भित्तिपत्रकावर वा प्रदर्शनात ठेवू नये आणि गुण मताला नव्हे, तर मतामागील प्रामाणिक कारणमीमांसेला द्यावेत.

मनोगतासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. आरंभी या बातमीविषयी काय वाटत होते आणि त्यात काय बदलले, अथवा का बदलले नाही? वाचलेली कोणती माहिती प्रत्यक्ष पाहिलेल्या वा ऐकलेल्या गोष्टीशी जुळली नाही? गटात कोणत्या मुद्द्यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही? भाषेची मोकळीकही तितकीच महत्त्वाची आहे. प्रकल्प इंग्रजीत असला तरी मनोगत विद्यार्थ्याने ज्या भाषेत विचार केला त्या भाषेत लिहू द्यावे. परक्या भाषेत लिहिताना तयार वाक्यांचा आधार घेणे भागच पडते.

समारोप

गटप्रकल्पातून सहकार्य शिकता येते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहकार्य म्हणजे एकमत नव्हे. ज्या गटात एकाने पूल ओलांडला आहे, एकाच्या घरी दम्याचा रुग्ण आहे आणि एकाच्या घरी रोज कबुतरांना दाणे टाकण्याची प्रथा आहे, त्या गटाने एकत्र काम करूनही तीन वेगळी पाने लिहिली, तर तो प्रकल्प अयशस्वी मानू नये. या तीन पानांना एका साचेबंद पानापेक्षा अधिक गुण मिळतात, हे विद्यार्थ्यांना एकदा दिसले, तर पुढच्या वर्षीची मनोगते निराळी येतील. हा बदल करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. तो संबंधित अध्यापकाच्या अधिकारातील आहे.