तीन शब्दांची शोकांतिका

मराठीतल्या अतिलघुकथांचा संग्रह कुणी काढलाच, तर माझ्या मोबाइलवरचे एक वाक्य त्यात अवश्य घ्यावे : ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही.’ तीन शब्दांत मीलन आणि ताटातूट!

पिंपळनेरच्या आमच्या धाब्याच्या घरात, रविवारी संध्याकाळी, आईला पुण्याची नात दिसायची वेळ झाली की हे वाक्य हटकून उगवते. पहिला संशय मी हातभर जाड मातीच्या भिंतींवर घेतला. पण वाय-फायच्या पट्ट्या तर पूर्ण! मग बंद कर, चालू कर, ‘नेटवर्क विसरा’, पासवर्ड पुन्हा घाल. वाक्य ढिम्म.

टीकाकार म्हणून सांगतो, वाक्य खोटे नाही. मोबाइल आणि राउटर यांचे जुळलेले असते. तुटलेले असते राउटरच्या पलीकडे. दोष आहे तो मोघमपणाचा. ‘बाबा रे, माझ्याशी झगडू नकोस, बाहेरची वायर बघ,’ एवढे म्हणायला काय हरकत होती? पण ‘वाय-फाय’ हे नावच १९९९ साली बाजारासाठी घडवलेले, कशाचेही संक्षिप्त रूप नव्हे. घराणेच मोघम!

“काय लिखेल शे रे?” आईने विचारले. मी वाचून दाखवले.

“म्हंजे नातं शे, बोलनं नही.”

पुण्याच्या भावाशी मी स्वतः शेवटचा कधी बोललो, ते काही आठवेना. मी मुकाट्याने साधा फोन लावला.