‘खोरे’ आणि ‘साठा’ : तेलसंशोधनाच्या मराठीचे परीक्षण

‘कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचा साठा’ हा शब्दप्रयोग मराठी लेखनात सर्रास आढळतो. त्यात दोन दोष आहेत, आणि ते केवळ शब्दनिवडीचे नाहीत.

नदी व तिच्या उपनद्या ज्या प्रदेशाचे पाणी वाहून नेतात, त्यास मराठीत खोरे म्हणतात. या अर्थाने पैठण गोदावरीच्या खोऱ्यात आहे, छत्रपती संभाजीनगरही आहे. भूवैज्ञानिकास अभिप्रेत असलेली वस्तू मात्र निराळी. भूकवच खचत गेले आणि कोट्यवधी वर्षे त्यात गाळ साचत राहिला, असा तो खोलगट भाग होय. कृष्णा-गोदावरी द्रोणी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगत व बंगालच्या उपसागरात आहे. मराठवाड्याच्या पायाखाली आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, ज्यात वेरूळची लेणी कोरली गेली. त्याच कुळातील खडक मुंबईसमोरील समुद्रात पुष्कळ ठिकाणी तळाशी आहे; परंतु तेथे त्यावर नंतरच्या काळातील गाळाचे थर साचले, आणि १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. ‘द्रोणी’ हा शब्द परिभाषेत उपलब्ध असता ‘खोरे’ वापरणे म्हणजे मराठवाड्यातील वाचकास आपल्याच नदीकाठी वायू असल्याचा भास करून देणे होय. (‘दख्खन ट्रॅप’मधील ‘ट्रॅप’ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, तेल अडकून राहते तो ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा. दोहोंचे लिप्यंतर एकच असल्याने गोंधळात भर पडते.)

‘साठा’ या शब्दाचा दोष अधिक गंभीर आहे. धान्याचा साठा, औषधांचा साठा : हा शब्द मोजदाद झालेली, हाताशी असलेली वस्तू सुचवितो. तेलशास्त्रात मात्र तीन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या मानतात. विहीर खोदण्यापूर्वीचा अंदाज ही पहिली; वस्तू सापडली, पण काढणे परवडेल की नाही हे ठरलेले नाही, ही दुसरी; आणि फायदेशीरपणे काढता येईल एवढे प्रमाण ही तिसरी. मराठीत तिन्हींना ‘साठा’च म्हणतात. अंदाजाची नाजूक अवस्था यात लोपते. तेल निर्माण करणारा खडक, ते सामावणारा सच्छिद्र खडक, सापळा आणि वरचे अभेद्य झाकण या चार अटींची शक्यता प्रत्येकी ७० टक्के धरली, आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तरी चारही एकत्र जुळून येण्याची शक्यता जेमतेम २४ टक्के उरते. तरुण गाळात तर सेंद्रिय द्रव्य पुरेसे तापलेले असेलच असेही नाही.

कृष्णा-गोदावरी द्रोणी जुनी असली, तरी खोल समुद्रातील तिचे वरचे थर तरुण आहेत. २००२ मध्ये तेथे वायू सापडला. ‘धीरूभाई-१’ व ‘धीरूभाई-३’ या क्षेत्रांतून सुमारे १० लाख कोटी घनफूट वायू काढता येईल, असे २००६ च्या विकास आराखड्यात धरले होते. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. काही वर्षांतच हा अंदाज सुमारे ३ लाख कोटींवर आला, आणि २०२० मध्ये उत्पादन थांबले. वायूच्या भरवशावर उभारलेली आंध्रातील वीजकेंद्रे इंधनाअभावी निष्क्रिय राहिली. म्हणजे तिसऱ्या अवस्थेतील आकडाही वस्तुतः अनुमानच असतो. मग पहिल्या अवस्थेस तेच नाव देणे कितपत योग्य?

‘साठा’ तिसऱ्या अवस्थेपुरता राखावा. पहिल्या दोहोंस अनुक्रमे ‘संभाव्य वायू’ व ‘सापडलेला वायू’ एवढेच म्हणणे पुरेसे आहे. ‘अंदाजित साठा’ हा तोडगा मात्र टिकणारा नाही. मथळ्यात विशेषण गळते आणि नाम उरते.