मुक्त ज्ञानकोशातील मोबदल्याचे लेखन : एक चिकित्सा

मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. त्यामुळे लेखनाचे उत्तरदायित्व निश्चित होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रचना भिन्न आहे. तेथे प्रत्येक बदल नोंदीच्या इतिहासात राहतो. परंतु टोपणनावामागे कोणाचा पैसा आहे, हे त्यातून कळत नाही.

ही उणीव ध्यानात घेऊन विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये नियम केला. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपला नियोक्ता, ग्राहक व त्यांच्याशी असलेला संबंध सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा संपादन-सारांशात जाहीर करणे बंधनकारक झाले. तरीही २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर छुप्या मोबदल्याच्या प्रकरणात ३८१ खाती बंद करावी लागली. नियम अंगीकारला न गेल्यास केवळ कागदावर राहतो, हेच यावरून दिसते.

शिवाय प्रकटीकरण म्हणजे तटस्थता नव्हे. 'नामांकित', 'अग्रगण्य' ही विशेषणे मोबदला जाहीर करून वापरली, तरी ती जाहिरातच ठरतात.

हा प्रश्न प्राध्यापकांपासून दूर नाही. आपल्या विषयावर स्वेच्छेने लिहिताना केवळ वेतनाचा उल्लेख आवश्यक नसतो. मात्र संस्थेने स्वतःच्या नोंदीचे काम सोपविल्यास तो करावाच लागतो. मुखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाविषयी स्वतंत्र संदर्भ थोडेच मिळतात; मग माहितीपत्रकच नोंदीत उतरते. अशा वेळी स्वतः बदल न करता चर्चापानावर संदर्भांसह सूचना मांडणे अधिक उचित होय. विद्यार्थी तीच नोंद प्रमाण मानून प्रकल्पात उतरवतात, याचे भान आपण ठेवले पाहिजे.