गाइडचं बोट कुठे वळतं?

सप्टेंबर आला की इंग्लंडमधली जुनी चर्चं ‘उघडतात’. हे लिहितानाच थोडं हसू येतं, कारण त्यातली बरीचशी वर्षभर उघडीच असतात, आणि तीही फुकट. हेरिटेज ओपन डेज हा उपक्रम इथे 1994 पासून चालतो (मूळ कल्पना फ्रान्सची, 1984 ची). एरवी बंद असलेली दारं त्या दिवसांत उघडायची, एरवी तिकीट लागतं तिथे ते घ्यायचं नाही. मग चर्चच्या बाबतीत उघडायला उरतं काय? घंटांचा मनोरा, छपराखालची पोकळी, आणि गाइडचं तोंड. माझं संशोधन या तिसऱ्या गोष्टीवर आहे.

फेरीला जाताना मी वहीत दोन रकाने आखते. एकात गाइडने बोट कशाकडे दाखवलं ते, दुसऱ्यात आपण कशाच्या बाजूने नुसतेच चालत गेलो ते. पहिला रकाना सगळीकडे सारखाच भरतो: थडगी, राजे, लढाया, एखादं भूत. दुसरा जास्त बोलका असतो. मागे एका ॲबी चर्चमध्ये (म्हणजे मुळात मठाचं चर्च, नाव सांगत नाही, माणसं फार प्रेमळ होती) मी विचारलं, ‘‘या भिंतींवर गिलावा का नाही?’’ व्हॉलंटियर काका हसून म्हणाले, ‘‘ओह, व्हिक्टोरियन्स!’’ आणि आम्ही पुढच्या थडग्याकडे वळलो.

त्या एका शब्दात माझा अर्धा प्रबंध आहे. मध्ययुगात ही चर्चं आतून बहुधा गिलावा केलेली, सफेदी दिलेली, रंगवलेली असत. उघड्या दगडाचं जे गंभीर सौंदर्य बघून आपण ‘किती प्राचीन!’ म्हणतो, ते पुष्कळ ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुविशारदांनी गिलावा खरवडून घडवलेलं आहे. म्हणजे फेरीत आपण बाराव्या शतकाच्या नावाखाली 1870 चं दशक बघत असतो.

यावरचं मोठं भांडण ज्या चर्चवरून पेटलं ते ग्लॉस्टरशरमधलं ट्यूक्सबरी. सेव्हर्न आणि एव्हन नद्यांच्या संगमावरचं गाव, 1121 मध्ये अभिषेक झालेलं बेनेडिक्टाइन मठाचं चर्च, सुमारे 30 फूट उंचीचे गोल खांब. गिल्बर्ट स्कॉट तिथे ‘जीर्णोद्धार’ करणार हे कळल्यावर विल्यम मॉरिसने मार्च 1877 मध्ये अथेनियम या साप्ताहिकाला संतापून पत्र लिहिलं. त्याच महिन्यात प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. मॉरिसने तिला लाडाचं नाव दिलं, ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवड-विरोधी मंडळी. म्हणणं एवढंच: पडझड थांबवा, पण जे गेलं ते पुन्हा बनवून जुनं म्हणून खपवू नका. स्कॉटचं काम तरी झालंच.

हा धागा आपल्यापर्यंत येतो. जॉन मार्शल यांनी 1923 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी जे कन्झर्वेशन मॅन्युअल लिहिलं, त्यात हाच विचार आहे. संरक्षित देवळातली तुटलेली मूर्ती नवी का करत नाहीत, असं आपल्याकडे लोक चिडून विचारतात. त्या धोरणाचं एक मूळ इथल्या या वादात आहे. (आणि असंरक्षित देवळांना ऑइलपेंट फासला जातो तेव्हा मॉरिस आठवतोच, पण तो वेगळा लेख.)

फेऱ्यांमधली माझी दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. ‘गावकऱ्यांनी चर्च वाचवलं’ ही गोष्ट अशा ठिकाणी हमखास येते, आणि ऐकताना गळा दाटतो. ट्यूक्सबरीचा मठ जानेवारी 1540 मध्ये आठव्या हेन्रीच्या ताब्यात गेला. चर्चचा पुढचा मोठा भाग, ज्याला नेव्ह म्हणतात, तो गावाच्या उपासनेसाठी आधीपासून होताच. भिक्षूंचा भागही गावाने राजाकडून 453 पौंडांना विकत घेतला. हा आकडा आला कुठून? घंटा आणि छपरावरचं शिसं वितळवून जे पैसे मिळाले असते त्यावरून. कोरीव दगड, चौदाव्या शतकातल्या खिडक्यांच्या काचा, यांचा हिशेबच नाही. चक्क भंगाराचा भाव!

आणि गावाने सगळं घेतलं नाही. पूर्वेचं लेडी चॅपल गावाच्या गरजेचं नव्हतं, ते पाडलं गेलं. भिक्षूंचं ओवऱ्यांचं अंगणही गेलं. मग ‘वाचवलं’ हा शब्द पुरेसा आहे का? लोकांनी निवड केली. काय परवडतं आणि काय उपयोगाचं आहे, ते बघून. मला ही गोष्ट वाचवण्याच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते, कारण ती खरी माणसांसारखी आहे.

शिवाय तो व्यवहार अजून संपलेला नाही. इंग्लंडमध्ये पॅरिश चर्चच्या डागडुजीचा भार मुख्यतः त्या पॅरिशवरच असतो. दारातली दानपेटी आणि छपराच्या निधीचा फलक म्हणजे त्या 453 पौंडांचे चालू हप्ते. फेरी संपताना गाइड संकोचून पेटीकडे हात करतात, जणू ती इतिहासाबाहेरची गोष्ट आहे. ती फेरीच्या मधोमध यायला हवी. पन्नास मिनिटांत सगळं बसत नाही हे मान्य. बिनपगारी माणसांकडून मी फार मागते, हेही मान्य. पण 1471 च्या लढाईला, त्या देवळात आसरा घेतलेल्या आणि नंतर बाहेर काढून मारलेल्या सरदारांना कोणीही वीस मिनिटं सहज देतं.

मला ट्यूक्सबरीत फेरी काढायला दिली तर मी आत जाण्याआधी लोकांना पूर्वेच्या बाहेरच्या बाजूला नेईन. तिथे भिंतीवर पाडलेल्या चॅपलची खूण दिसते. तिथे उभं राहून आधी विचारेन, ‘‘तुमच्या गावाने काय ठेवलं असतं?’’