शिखरावर शेवटी पोचलेला धर्मगुरू

प्रवासाचे पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात कोण उरते, यावरून त्याची पारख करावी, असे आम्हांला वाटते. पुष्कळदा उरतो तो लेखकच: त्याची दगदग, त्याचे धाडस, त्याची छायाचित्रे. ती भूमी आणि तेथील माणसे नाटकाच्या पडद्यासारखी मागे लोंबत राहतात. हडसन स्टक यांचे ‘द असेन्ट ऑफ डेनाली’ हे १९१४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक या कसोटीला लावून पाहावे, असे ते स्थळ पाहून आल्यावर आमच्या मनात आले.

डेनाली हा अलास्कातील पर्वत उत्तर अमेरिकेत सर्वांत उंच. उंची ६,१९० मीटर. त्याच्या भोवतीचे राष्ट्रीय उद्यान व राखीव क्षेत्र मिळून सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक. एवढ्या विस्तारात शिरणारा रस्ता एकच, ९२ मैलांचा. उन्हाळ्यात खाजगी मोटारींना पहिल्या १५ मैलांपर्यंतच मुभा असते; पुढे उद्यानाच्या बसने जावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये डोंगरउतार खचल्यामुळे ४३व्या मैलापाशी रस्ता बंद करण्यात आला. आमची बस तेथूनच परतली. दोन दिवसांत आम्ही पिलांसह चरणारी अस्वलीण पाहिली, कड्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या डॉल मेंढ्या पाहिल्या. पर्वत मात्र ढगांआडून बाहेर आला नाही. ज्यासाठी इतक्या दूर गेलो तेच न पाहता परतल्याची खंत घेऊन आम्ही हे पुस्तक पुन्हा उघडले.

स्टक हे अँग्लिकन परंपरेतील धर्मगुरू, युकॉन प्रदेशाचे आर्चडीकन. १९०४ साली ते अलास्कात आले आणि कुत्र्यांच्या घसरगाडीने वस्त्यावस्त्यांतून हिंडले. १९१३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, हॅरी करस्टेन्स, रॉबर्ट टॅटम आणि वॉल्टर हार्पर या तिघांसह ते डेनालीवर निघाले. आदल्या वर्षीच्या भूकंपाने ईशान्येकडील धार फोडून टाकली होती. बर्फात पायऱ्या खोदत ती ओलांडण्यास त्यांना सुमारे तीन आठवडे लागले. ७ जून रोजी माथा गाठला. प्रथम पाऊल ठेवले ते वॉल्टर हार्परने. त्याची आई अथाबास्कन, वडील आयरिश. वय अवघे वीस. स्टक पोचले सर्वांच्या शेवटी, जवळजवळ शुद्ध हरपलेल्या अवस्थेत. हे त्यांनी स्वतःच, काहीही न लपवता लिहिले आहे. मग चौघांनी ‘ते देउम’ हे स्तुतिगीत म्हटले आणि बर्चच्या लाकडाचा क्रूस उभारला.

आमच्या मते या पुस्तकाचे मोठेपण या शेवटी पोचण्यात आहे. लेखणी ज्याच्या हाती तो स्वतःला पहिला ठरवू शकतो. स्टक यांनी तो मान त्या मातीच्या मुलाला दिला. नावाच्या बाबतीतही तेच. १८९६ साली एका सोनेशोधकाने पर्वताला मॅकिन्ली या ओहायोतील राजकारण्याचे नाव दिले होते. स्थानिकांच्या तोंडी असलेले ‘डेनाली’, म्हणजे ‘उंच तो’, हे नाव परत मिळावे, अशी मागणी स्टक प्रस्तावनेतच करतात. बेसिनची पुन्हा वसई झालेली पाहणाऱ्या आपल्या लोकांना या मागणीचे मोल सांगावयास नको. उद्यानाला ते नाव १९८० साली मिळाले, पर्वताला २०१५ साली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने पर्वत कागदोपत्री पुन्हा मॅकिन्ली झाला. उद्यानाचे नाव मात्र डेनालीच राहिले.

पुस्तकातील सर्वांत हृद्य प्रसंग आमच्या दृष्टीने शिखरावरचा नाही, पायथ्याचा आहे. जॉनी फ्रेडसन हा किशोरवयीन अथाबास्कन मुलगा एकतीस दिवस तळ सांभाळत एकटा राहिला. वर हिमनदीवर आग लागून चढणाऱ्यांची सारी साखर जळाली होती. ते उतरून आले तेव्हा जॉनीने आपल्या वाट्याची साखर न खाता त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. या मुलाने त्याग केला तो कोणी पाहत नसताना. आम्ही प्रवचनांतून त्यागाविषयी पुष्कळ बोलतो. हा प्रसंग वाचताना आम्ही ओशाळलो.

तथापि दोषही सांगितले पाहिजेत. मोहिमेचा भार वाहणारे करस्टेन्स श्रेयाच्या वाटणीवरून पुढे कायमचे दुरावले. पुस्तकात या तेढीची पुरेशी चाहूल लागत नाही. शेवटी पोचलेला धर्मगुरू छापील जगात पहिला ठरला, हे त्यांचे शल्य होते. दुसरे असे की, वन्य प्राणी येथे मुख्यतः शिदोरी म्हणून येतात: मेंढीच्या व कॅरिबूच्या मांसाचे गोळे करून वर नेले, इतकेच. त्या प्राण्यांकडे त्यांच्यासाठी पाहणारा माणूस वेगळाच निघाला. चार्ल्स शेल्डन या शिकारी निसर्गअभ्यासकाने १९०७-०८ चा हिवाळा टोकलाट नदीकाठी काढला आणि डॉल मेंढ्यांच्या रक्षणासाठी उद्यानाचा ध्यास घेतला. १९१७ साली उद्यान झाले. करस्टेन्स त्याचे पहिले अधीक्षक. स्टक यांच्या पुस्तकाशेजारी शेल्डन यांचे ‘द वाइल्डरनेस ऑफ डेनाली’ ठेवल्यावाचून त्या प्रदेशाचे दर्शन पुरे होत नाही.

वॉल्टर हार्पर वैद्यकशास्त्र शिकावयास निघाला असता १९१८ साली ‘प्रिन्सेस सोफिया’ बोटीबरोबर पत्नीसह बुडाला. दोन वर्षांनी स्टकही गेले. जॉनी शिकून मोठा झाला आणि आपल्या लोकांच्या जमिनीसाठी झगडला.

आमची खंत आता ओसरली आहे. मोशेनेही नबो डोंगरावरून वचनदत्त देश दुरूनच पाहिला. आम्हांला तर डोंगरही दिसला नाही. परंतु कोणाच्या घरी आपण पाहुणे होतो, हे या पुस्तकाने आम्हांला सांगितले. आपल्या धर्मग्रामांतून आता मुले-नातवंडे दूरदेशी जातात आणि हौसेने प्रवासलेख लिहितात. त्यांनी अवश्य लिहावे. फक्त आपली साखर कोणी राखून ठेवली होती, त्याचे नाव गाळू नये.